खाच पडलेला चिरा

पोखर्णीच्या रस्त्याला राजेश्रीचं घर आणि घरामागं मोगऱ्याची छोटी बाग. रानडुकरांनी ती दोनदा उकरून टाकली, तेव्हा तिसऱ्या वर्षी तिनं उघड्या बाजूला दगडी भिंत घालायचं मनावर घेतलं. गावाबाहेरची पडकी बारव रस्त्याच्या कामात बुजली होती. तिचे तांबूस, वाळूच्या दगडाचे चिरे कडेला बेवारस पडले होते. सरपंचांना विचारून तिनं ते ट्रॉल्या भरून आणले. सासूनं, कमलबाईनं, एकदाच सांगून पाहिलं, की त्या पाण्यात बायका बुडून गेल्यात, ते दगड दारात नकोत. राजेश्रीला बाग वाचवायची होती.

बन्सीधर गवंड्यानं आठ दिवसांत कमरेएवढी भिंत उभी केली. त्रास दिला तो एकाच चिऱ्यानं. तो बारवेच्या काठावरचा असावा. दोर घासून घासून त्याला बोटभर खोल खाच पडली होती. बन्सीधर तो खाच आत करून पक्का बसवायचा, आणि सकाळी यावं तर चिरा भिंतीच्या माथ्यावर, खाच आभाळाकडे. भर वैशाखात खाचेत ओल असायची. तिला शेवाळाचा वास यायचा.

तिसऱ्या सकाळी त्यानं थापी धुऊन पिशवीत टाकली.

"वहिनी, मी कान लावून ऐकलंय," तो हळूच म्हणाला. "आतून कुणीतरी पाणी शेंदायलंय..."

तो गेला तो पुन्हा कामावर आला नाही. त्याच आठवड्यात बोअर आटलं. मोगऱ्याच्या कळ्या फांदीवरच वाळायला लागल्या. ज्यानं त्यानं दगड फेकून द्यायला सांगितलं. राजेश्री दोन दिवस तिन्हीसांजेला भिंतीपाशी बसून राहिली. आवाज खरंच यायचा. आधी घागर पाण्यावर आपटल्याचा, मग दोर घासल्याचा... संथ, दमलेल्या हातांचा.

तिसऱ्या दिवशी तिनं गोठ्यातला लांब दोर काढला, कळशीला बांधला आणि कळशी त्या खाचेवरून पलीकडे सोडली. पलीकडे कमरेइतक्या खाली नुसती कोरडी पायवाट होती.

दोर सरसरत जातच राहिला. दहा हात, वीस हात... तिचे तळवे सोलून निघाले. शेवटचं टोक तिनं मनगटाला गुंडाळलं, तेव्हा खोल कुठंतरी पाणी वाजलं. मग खालून दोराला दोन हलके हिसके बसले.

राजेश्री मनगटावरचा वेढा सोडवायला लागली.

"सोडू नको, पोरी," मागून कमलबाई म्हणाली, आणि तिनंही दोर धरला.

दोघींनी ओढलं. कळशी काठोकाठ भरून आली. पाणी इतकं गार, की बोटं बधिर झाली. दिवस बुडेपर्यंत दोघी शेंदत राहिल्या आणि बागेतलं झाडन् झाड पाणी प्यालं.

मग रोजच. गावात थेंब नव्हता, आणि राजेश्रीचा मोगरा असा फुलला, की पोखर्णीच्या नरसिंहाला तिच्याच टोपलीतले हार जायला लागले. दगड फेकायला सांगणारे घागरी घेऊन रांगेत उभे राहिले. त्यात मान खाली घालून बन्सीधरही. राजेश्रीनं कुणालाच माघारी धाडलं नाही. पदर खोचून, ताठ मानेनं ती गावाला पाणी द्यायची आणि कमलबाई शेजारी उभी राहून सुनेचं कौतुक सांगायची.

परवा संध्याकाळी मात्र दोर जड लागला. वर आली ती तिची कळशी नव्हती. तांब्याची घागर होती, चिंचेनं नुकतीच घासलेली, लखलखीत. गळ्यावर कोरलेली अक्षरं शंभर वर्षं हाताळल्यासारखी झिजली होती. राजेश्रीनं बोट फिरवत ती वाचली.

'चि. राजेश्रीस सप्रेम भेट.'