आजोबांनी दाबलेली बेल

"खोटं कोण बोलतंय, पेशंट की नर्स? एवढंच सांगा," मेट्रन म्हणाली.

हॉस्पिटलमधली बेलची सिस्टीम ती बसवणाऱ्या कंपनीतली दोनच माणसं सांभाळत: एक प्रोग्रामर आणि तिचे साहेब. दोघंही आले होते. ती आठवडाभराच्या रजेवरून आजच परतली होती आणि आल्या आल्या हे गळ्यात पडलं. काल दुपारी या कॉटवरचे आजोबा श्वास कोंडून बेशुद्ध पडले, थोडक्यात वाचले. नर्स वेळेवर आली नाही म्हणून आज तिची नोकरी जाणार होती.

प्रोग्रामरनं उशाजवळचं बटण दाबलं. जरा वेळानं बाहेर बेल वाजली. सकाळपासून हेच चाललं होतं. तिचं डोकं उठलं होतं.

"बेल उत्तम आहे," मेट्रन म्हणाली. "हल्ली तर तिची कटकटही कमी झालीय."

"लिहून देऊ आणि निघू," साहेब म्हणाले.

ती आजोबांकडे वळली. "बटण नक्की दाबलंत?"

"अंगठा दुखेपर्यंत! टक टक टक टक. कुणी ढुंकून पाहिलं नाही."

"मध्ये थांबलात?"

"जीव चाललेला माणूस थांबतो होय?"

दारातली नर्स रडवेली झाली. "ताई, बेल एकदाच वाजली. वाजल्याबरोबर धावले. तोवर यांची शुद्ध हरपली होती."

"एकदाच?"

"आईशप्पथ."

प्रोग्रामर वैतागून पुन्हा बटणाला भिडली. या वेळी रागारागानं टक टक दाबतच राहिली. बाहेर चिडीचूप. दमून तिनं हात काढला. जरा वेळानं बेल वाजली. एकदाच.

साहेबांचा चेहरा उतरला.

"दोघंही खरं बोलताहेत," ती म्हणाली. "कटकट कमी व्हावी म्हणून कोडमध्ये सोय केलेली दिसतेय. दाबणं थांबलं की काही सेकंद वाट बघायची, मग एकदाच वाजवायचं. मध्ये पुन्हा दाबलं की वाट बघणं पहिल्यापासून सुरू. आजोबा घाबरून दाबत राहिले आणि बेल पुढे ढकलली जात राहिली. शुद्ध गेली, बोट सुटलं, तेव्हा वाजली. खरं तर पहिल्याच दाबण्याला वाजायला हवं होतं, आणि नंतरची टकटक थोडा वेळ सोडून द्यायची."

"कुणी केलं हे?"

"दोघांपैकी एक रजेवर होती, मेट्रन."

"बारीकसा बदल होता," साहेब पुटपुटले. "मी तपासला होता."

"एकदा दाबून. खुर्चीत बसून!" तिचा आवाज चढला.

मेट्रननं नर्सला कामावर रुजू व्हायला सांगितलं. पण नर्स जागची हलली नाही.

"पोरी, काल तुला नाही नाही ते बोललो," आजोबा म्हणाले.

नर्सला हुंदका फुटला. "आणि मी रात्रभर मनात तुम्हाला खोटारडे म्हणत होते, आजोबा."