तीन हिसके

विश्वास ठेवा म्हणून कुणी तुमच्या हातापाया पडणार नाही. पण हे घडलंय, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ते विश्राम काका जन्मभर टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. देवाला हात जोडतानाही घड्याळ बघणारे गृहस्थ. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला ते तोंडावर हसायचे.

आता हसत नाहीत.

जागा डोंबिवली पूर्व, एमआयडीसीचा निवासी भाग. मागच्या मार्गशीर्षातला शनिवार.

काकांना आणि त्यांच्या मुलाला, सुश्रुतला, एकच वेड होतं. हॅम रेडिओ. रीतसर परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, मिळवायचा आणि घरात बसून हवेतून लोकांशी गप्पा मारायच्या. सुमती काकू म्हणायच्या, "शेजाऱ्याशी बोलायला यांना वेळ नाही, आणि कुठल्या कुठल्या लोकांना जेवलात का विचारतात!"

बंगल्याच्या पुढच्या खोलीत रेडिओ आणि मागच्या कोपऱ्यात, नारळापलीकडे, अँटेनाचा खांब. दोघांना जोडणारी बोटभर जाड केबल वरून गेलेली. झावळी पडली की ती तुटायची. शेवटी सुश्रुतने ठरवलं, केबल जमिनीखालून न्यायची.

बापलेकांनी चर खणला. पाईप पुरला. पाईपात नायलॉनची दोरी आधीच ओवून ठेवली. एका टोकाला केबल बांधायची, दुसऱ्या टोकाकडून दोरी ओढायची, की केबल आतून सरकत येते.

हे काम दोघांचं. एक ओढणार, दुसरा तिकडून केबल सोडणार. मध्ये घराचा कोपरा, त्यामुळे एकमेकांना दिसत नाही. म्हणून सुश्रुतने खुणा ठरवल्या होत्या.

एक हिसका म्हणजे थांबा.

दोन हिसके म्हणजे ओढा.

"आणि तीन म्हणजे आईला चहा टाकायला सांगा," तो म्हणाला होता. स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या होत्या, "हो, बांधलेलीच आहे मी तुमच्या दोरीला!"

माती लोटून झाली. केबल पुढच्या रविवारी ओढायची ठरली.

तो रविवार आलाच नाही. सुश्रुतला डेंग्यू झाला... आणि आठवड्याच्या आत पोर गेलं.

पाईप तसाच राहिला. आत दोरी तशीच.

काकू त्या दिवसापासून मागच्या अंगणात गेल्या नाहीत. त्या फारसं बोलतही नव्हत्या. चहा मात्र सवयीने तीन कप टाकायच्या, आणि तिसरा मोरीत ओतायच्या.

मग कल्याणहून हेमांगीचा फोन आला. सुश्रुतची मैत्रीण, तीही हॅम. रोज संध्याकाळी आसपासचे हॅम रेडिओवर जमतात, कुणीतरी एकजण हजेरी घेतो. ती हजेरी हेमांगी घ्यायची.

"काका, शनिवारी सुश्रुतचा कॉलसाइन शेवटचा पुकारणार आहोत. तुम्ही ऐकाल ना?"

ही हॅम लोकांची रीत. गेलेल्या माणसाला तीनदा पुकारायचं. मग सगळ्यांनी गप्प राहायचं, त्याच्या उत्तराची वाट बघितल्यासारखं. त्यानंतर ते नाव हजेरीतून कायमचं जातं.

हेमांगी म्हणाली, "कल्याणला या ना, इथे ऐकू एकत्र." पण काका हट्टाला पेटले. मुलाचं नाव शेवटचं ऐकायचं तर मुलाच्याच अँटेनावर!

शनिवारी दुपारी ते एकटेच कामाला लागले.

कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं असतं तर तासाभराचं काम. पण सुश्रुतच्या जागी दुसरा कुणी उभा राहिलेला त्यांना बघवला नसता. वेडेपणाच, पण बापाचा.

खांबापाशी त्यांनी दोरीला केबल बांधली. सोबत एक नवी दोरीही बांधली, कारण उद्या दुसरी केबल टाकायची झाली तर आत दोरी तयार हवी. मग चालत पुढच्या खोलीच्या खिडकीशी आले आणि ओढू लागले.

थोडी आली. अडकली.

परत मागे गेले. केबलचा नुसता गुंता झालेला. तो थोडा सोडवला, केबल आत रेटली, पुन्हा खिडकीशी. पुन्हा अडकली. असं किती वेळा झालं, कुणास ठाऊक. हाताची सालं निघाली. ऊन कलायला लागलं.

शेवटी ते खिडकीखाली मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मूल गेल्यावरही न रडलेला माणूस, एका केबलपायी रडला.

दोरी हातातच होती.

आणि...

दोन हिसके.

नारळावर कावळे ओरडत होते, ते एकदम गप्प झाले.

पुन्हा... दोन हिसके. जरा घाईचे. सुश्रुतची प्रत्येक कामात अशीच घाई असायची.

काकांनी ओढलं. केबल सरसर येऊ लागली. मध्येच एक हिसका आला... ते थांबले. जरा वेळाने दोन. पुन्हा ओढली.

कोपऱ्यापर्यंत जाऊन बघावं, असं एकदाही वाटलं नाही का? वाटलं. पण बघितलं आणि तिथे कुणी नसलं तर? म्हणून ते भिंतीकडे तोंड करून ओढत राहिले.

केबलचं टोक खिडकीशी आलं तेव्हा ते मागे गेले.

कुणी नव्हतं.

फक्त उरलेली केबल... मघाशी गुंता झालेली केबल... आठच्या आकड्यात नीट गुंडाळून ठेवलेली. तशी घरात एकच जण गुंडाळायचा.

काकांनी तिला हात लावला नाही. दिवे लागायची वेळ होत आली होती. त्यांनी केबल अँटेनाला जोडली आणि ठरल्याप्रमाणे शेवटचं काम केलं. पाणी आणि उंदीर आत जाऊ नयेत म्हणून पाईपाचं तोंड एम-सीलने गच्च बंद केलं. नव्या दोरीचं टोक त्यातच पक्कं झालं. पुढचं टोक त्यांनी खिडकीच्या गजाला बांधलं.

रेडिओ लागला. खरखर... मग हेमांगीचा आवाज, अगदी स्वच्छ.

दारात काकू येऊन उभ्या राहिल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या होत्या.

हेमांगीने सुश्रुतला पुकारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला.

मग सगळे गप्प. ठाणे, कळवा, बदलापूर... कुठूनच कुणी बोलेना. नुसती खरखर.

काकूंनी हळूच विचारलं, "अहो, ती दोरी कसली?"

गजाला बांधलेली दोरी ताणली गेली होती.

एक हिसका...

दोन...

काका पुढच्या क्षणाची वाट बघत राहिले.

तीन.

काकूंना कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की काकांना तो बघवेना.

"आले हं रे, टाकते," म्हणत त्या स्वयंपाकघरात वळल्या. कपबशी घेऊन पहिल्यांदाच मागच्या अंगणात गेल्या, आणि खांबापाशी कप ठेवून आल्या.

सकाळी कप रिकामा होता. मांजराने प्यायला असेल. असेलही.

त्यानंतर दोरी कधीच हलली नाही. काकू रोज संध्याकाळी कप ठेवतात. सकाळी चहा तसाच असतो, वर साय धरलेली. "आज हलली का हो?" त्या विचारतात. काका नाही म्हणतात.

एक गोष्ट मात्र त्यांनी काकूंना सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागचं टोक तपासलं होतं. एम-सील दगडासारखं घट्ट, कुठे चीर नाही. बाहेरून ती दोरी कुणाला ओढताच आली नसती.

म्हणजे ते तीन हिसके आतून आले होते.

केबल सोडायला आलेलं पोर... आणि पाईपाचं तोंड आपण आपल्या हाताने बंद केलं.

कधी कधी काका छिन्नी घेऊन खांबापर्यंत जातात. ते फोडायची हिंमत होत नाही, आणि तसंच ठेवायचीही होत नाही. थंड झालेला कप उचलून ते घरात परत येतात.