बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत

तो आला होता ओळखपत्राचा फोटो काढून घ्यायला. आत्यानं फोटो चुटकीसरशी काढला, पण गडी काही हलेना! स्टुडिओच्या कोपऱ्यात भाची लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करत बसली होती आणि हे महाशय तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे टक लावून...

"काही हवंय का?" तिनं मान न वळवता विचारलं.

"एवढा मोठा व्हिडिओ... लहान करता येतो?"

"येतो की. पण कशावर तरी पाणी सोडावं लागतं. बोला, कशावर सोडता?"

तो हसला. गालावर खळी पडली. ती तिला दिसायची काही गरज नव्हती – पण दिसली.

तो ऐकू न येणाऱ्या मुलांचा मास्तर. हातांच्या खुणांनी आणि सोबत बोलूनही गोष्टी सांगायचा, घरीच शूट करून मुलांना पाठवायचा. मुलांचे फोन जुने, नेट रडतखडत चालणारं. मोठी फाइल उतरायचीच नाही. लहान केली, तर बोटांचा नुसता लगदा. गेल्या खेपेला निम्मा वर्ग गोष्टीविना राहिला होता.

"पंधरा एमबीत बसवा," तो म्हणाला, "पण बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत."

"आवाज काढून टाकू? तेवढीच जागा वाचेल."

"छे छे! मुलांच्या आया ऐकतात ना. त्याही खुणा शिकतात."

हे उत्तर तिला इतकं आवडलं, की लग्नातल्या नवरानवरीला तिनं खुशाल ताटकळत ठेवलं.

काम मात्र हट्टाला पेटलं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्ची पडणारा डेटा, उतरवला – बोटं चिखलातून काढल्यासारखी दिसू लागली. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, उतरवला – हात एका खुणेवरून दुसरीवर उड्या मारू लागले. दर खेपेला ती बोटन् बोट तपासायची, मान हलवायची आणि म्हणायची, "उद्या या." तोही यायचा.

"मास्तर, ओळखपत्र मिळालं नाही वाटतं अजून?" आत्या काउंटरवरून विचारायची. तो कानापर्यंत लाल व्हायचा.

मग एका दुपारी ती ओरडलीच, "अहो, हा पडदा!"

व्हिडिओत त्याच्या मागे फुलाफुलांचा पडदा पंख्याच्या वाऱ्यावर मजेत झुलत होता.

"जे हलतं ते जागा खातं. सगळी हाच गिळतोय, मग बोटांच्या वाट्याला काय येणार?"

"आईनं हौसेनं लावलाय..."

"आईंना माझा नमस्कार सांगा. आणि उद्या निळा शर्ट घालून इथं, या कोऱ्या भिंतीसमोर उभे राहा."

"निळाच का?"

"तुम्हाला छान... म्हणजे भिंतीपुढे उठून दिसतो."

"भिंतीला आवडतो होय?" खळी पुन्हा हजर!

दुसऱ्या दिवशी शूटिंग झालं. रेझोल्यूशन सातशेवीसवर आणलं, वाचलेला बिटरेट बोटांना दिला, फ्रेम रेटला हातही लावला नाही. फाइल बारा एमबी! आणि बोटं? नखंसुद्धा मोजावीत. ती पाठवल्यावर तासाभरात पोरांचे व्हिडिओ येऊ लागले. कोणी अंगणातून, कोणी स्वयंपाकघरातून, तीच गोष्ट हातांनी सांगत होतं. मास्तरचे डोळे भरून आले. तिचेही.

"हे सेटिंग सेव्ह करून देते," ती हळूच म्हणाली. "आता तुम्हाला घरीच जमेल."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. म्हणजे आता उद्या नाही, परवा नाही... आपल्याच हातानं आपण दार लावून घेतलं की!

"म्हणजे माझं इथलं काम... संपलं?"

"हो."

ती खुर्चीतून उठली. बोटं तपासता तपासता निम्म्या खुणा तिच्याही हातात उतरल्या होत्या. तिनं हातांनीच विचारलं – उद्या... परत... येणार?

"शेवटची खूण चुकली," तो पुटपुटला.

"मग शिकवा ना."

त्यानं तिची बोटं हातात घेतली, एकेक करून सरळ केली. खूण केव्हाच बरोबर झाली होती, तरी हात तिथंच होते.

"येईन. पण आत्यांना कारण काय सांगू?"

"खरं असेल ते सांगा."

"तू मला आवडतेस... हे?"

"ऐकलं हं मी!" काउंटरवरून आत्या गरजली.

तो दचकून मागं सरकला. तिनं मात्र त्याचा हात सोडला नाही.