पंखा थांबेपर्यंत

दिपालीनं एकदा गणपतीला बोलून ठेवलं होतं : अकरा संकष्ट्या करीन, आणि दर संकष्टीला आधी चंद्राचं दर्शन, मग नवऱ्याचं तोंड, मगच घास. मागणं एकच होतं. रात्रीचा मोटारसायकलवर गावोगाव हिंडणारा माणूस दर वेळी धडधाकट घरी यावा.

पिंपळझरीचे नानाजी ही गोष्ट नेहमी इथूनच सुरू करतात. जेवणं आटोपली, पोरं पारावर जमली की विडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत बसतात, आणि मग हळूच म्हणतात, "ऐकीव नाही सांगून राह्यलो. माह्या डोळ्यांसमोर झालं ते."

दिपाली नेरची. तिचा नवरा राजदीप लग्नाचं, सप्ताहाचं शूटिंग करायचा आणि मागाहून त्याच गावात जाऊन मोठ्या पडद्यावर ते दाखवायचा. माणसांना स्वतःचंच तोंड भिंतीएवढं पाहायची केवढी हौस. प्रोजेक्टर त्याचा जीव की प्राण. दिपालीला तो मोठ्या कौतुकानं शिकवायचा. मशीन बंद केलं तरी आतला पंखा दोन मिनिटं फिरत राहतो. दिवा तापलेला असतो, त्याला निवू द्यायचं. "पंखा थांबेपर्यंत वायर काढाची नाही. कितीही घाई असो," तो म्हणायचा.

आठवी संकष्टी आली ती कार्तिकातली, दोन हजार चोवीस साल, सोमवार. राजदीप पिंपळझरीला सप्ताहाचं शूटिंग दाखवत होता. पावणेआठच्या सुमारास चंद्र दिसला तशी दिपालीनं फोन लावला.

"अहो, चंद्र निघाला."

"मंग जेव ना."

"जेव म्हणे! बोललेलं माहीत नाही का तुम्हाला? लवकर या, पोटात कावळे ओरडून राह्यले."

ती हसत म्हणाली होती. तोही हसला. "निघतोच," म्हणाला.

शेवटची वीस मिनिटं राहिली होती, काल्याच्या पंगतीची. गावकऱ्यांनी गलका केला, पण राजदीपनं मशीन बंद केलं आणि पंखा फिरत असतानाच वायर ओढली. "बायको उपाशी आहे घरी. उरलेलं मी येऊन दाखवून देईन, शब्द देतो." लोक हसले. नानाजींनी तर टोमणाही मारला, "जा बाबा जा, नाहीतर लाटणं घेऊन उभी राहीन."

नेरच्या अलीकडे, नाल्यावरच्या रपट्यापाशी कापसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता.

प्रोजेक्टरची बॅग कापसावर पडली. तिला ओरखडा नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सासरे किसनराव हात जोडून एकेक बोलत राहिले. सुनेला लेकीसारखी पाहीन. तुझ्या मायला जपीन. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण खाली एकही येईना. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि सगळे मान खाली घालून घरी आले. त्याचं काय राहिलं असेल, ते कुणालाच उमगलं नाही.

दिपालीला मात्र एकच ठाऊक होतं. आपण फोन केला. आपण बोललो नसतो, जेवून घेतलं असतं, तर तो दोन मिनिटं थांबला असता. ट्रॉली तोवर हलली असती.

नवस तिनं सोडला नाही. नववी संकष्टी आली, दहावी आली. चंद्र पाहायची, आणि नवऱ्याचं तोंड काही दिसायचं नाही. मग ती तशीच पाणी पिऊन निजायची. दुसऱ्या दिवशीही घास जायचा नाही. सासू रडायची, किसनराव म्हणायचे, "अवो बाई, देवाले असं नाही लागत." ती मान हलवायची. गळ्याची हाडं वर आली होती.

माघात नानाजी नेरला भेटायला गेले तेव्हा सहज बोलून गेले, "पोरगा शब्दाचा पक्का होता. उरलेलं दाखवून देईन म्हनला होता. राह्यलं आता."

दिपालीनं वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिची नजर कशावर तरी ठरली.

"मी दाखवते," ती म्हणाली.

दारव्ह्याच्या जमीर मेकॅनिकनं मशीन उघडलं. आतला दिवा गेला होता; गरम असताना वायर ओढल्यानं. त्यानं नवा बसवला आणि दोन दिवस तिला शिकवलं. "भाभी, घाबरू नका. पहिले पडदा ताणायचा, मग मशीन सरळ त्याच्यासमोर. चित्र वर रुंद, खाली अरुंद दिसलं तर समजायचं, मशीन तिरपं आहे. आणि मधात कोणाले चालू देऊ नका. पडद्यापाशी माणूस उभा राह्यला तर सावली माणसाएवढीच पडते. मशीनकडे येत गेला की सावली वाढते. पार पडदा झाकून टाकते."

माघ वद्य चतुर्थी, रविवार. अकरावी संकष्टी, शेवटची. दिपाली आणि किसनराव दिवस असतानाच पिंपळझरीला पोचले. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरी चादर ताणली. टेबल लावलं. तिनं मशीनच्या एका पायाखाली वहीचा पुठ्ठा सरकवला, लेन्सचं कडं हलक्या हातानं फिरवलं, आणि धुरकट उजेडातून एकदम लख्ख अक्षरं वर आली. किसनराव बाजूला बसून बघत होते. लेकाचे हात त्यांना सुनेच्या हातात दिसत असावेत.

नऊ वाजता गाव जमलं. दिपालीनं बरोबर तिथूनच लावलं जिथं थांबलं होतं.

पंगत दिसली. पत्रावळी, वाढपी, धावणारी पोरं. स्वयंपाक सांभाळणारी तांड्यावरची बिजलीबाई हातात मोठा डाव घेऊन पडद्यावर आली, आणि कॅमेऱ्यामागून राजदीपचा आवाज आला, "बिजलीबाई, इकडे पाहा. हसा थोडं. पैसे नाही लागत."

पटांगणात कुणी हसलं नाही. दिपालीनं टेबलाची कड घट्ट धरली. किसनरावांनी उपरण्यानं डोळे टिपले.

वीस मिनिटं संपली. पडद्यावर नुसता निळा उजेड राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हळूहळू उठले, पोरं घरी गेली. शब्द पुरा झाला होता. राहिले ते नानाजी, बिजलीबाई, किसनराव आणि मशीनपाशी दिपाली.

घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. चंद्र अजून निघायचा होता.

"मामाजी, आवरून घेऊ," ती सासऱ्यांना म्हणाली, आणि रिमोट हातात घेतला.

तेव्हा निळ्या पडद्यावर, खाली, डाव्या कोपऱ्यात, एक सावली होती.

माणसाची. माणसाएवढीच.

"कोन आहे पडद्यापाशी?" नानाजींनी विचारलं.

पडद्यापाशी कुणी नव्हतं. पटांगण रिकामं. चादर हलत नव्हती.

सावली थोडी मोठी झाली.

दिपालीच्या कानात जमीरचे शब्द वाजले. मशीनकडे येत गेला की...

आणखी मोठी. खांदे दिसले. एक खांदा जरासा खाली झुकलेला. बॅगेच्या ओझ्यानं झुकायचा तसा.

बिजलीबाईनं तोंडाला पदर लावला.

आणखी मोठी.

पावलांचा आवाज नाही. धूळ नाही. फक्त मशीनमधून निघणारा उजेड, आणि त्या उजेडात... काहीच नाही.

"राजू..." किसनराव पुटपुटले.

आता डोकं पडद्याच्या वर गेलं. निळं कडेकडेनं उरलं. मग तेही गेलं. सगळा पडदा काळा. म्हणजे तो लेन्ससमोर होता. तिच्यापासून हातभर.

दिपाली मागे सरली नाही.

"अहो," ती म्हणाली. "माझ्यामुळं घाई केली ना तुम्ही?"

ती टेबलावरून पुढे वाकली.

"मी फोन केला म्हणून... सांगा ना."

मग काळोख एका बाजूला सरकला. पडद्यावर निळा उजेड परतला, आणि त्यात एका हाताची सावली. फक्त हात. पाची बोटं जुळलेली. हात तोंडाकडे जातो तसा वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. घरातल्या घरात, दुसऱ्या खोलीतून, आवाज न करता विचारतात तसा.

जेवलीस?

दिपालीनं मोकळा हात तोंडावर दाबला. मान नकारार्थी हलवली.

हात तसाच थांबला. वाट पाहत.

तिच्या बोटाखाली रिमोटचं बटण दाबलं गेलं की मशीन आपोआप बंद झालं, ते तिला आजही सांगता येत नाही. दिवा विझला. सगळं अंधारलं. मशीनमधला पंखा तेवढा फिरत राहिला.

दोन मिनिटं झाली. पंखा थांबेना.

पाच झाली. पंखा फिरतच होता.

शाळेच्या कौलांवर उजेडाची कड आली. नानाजी म्हणाले, "पोरी, चंद्र निघाला. त्याचं तोंड नाही दिसलं तरी... आला होता तो. खाऊन घे आता."

बिजलीबाई धावत घरी गेली, वरण-भात घेऊन आली. ताट दिपालीच्या मांडीवर ठेवलं. "खा वं माय. गरम आहे."

तिनं चंद्राला हात जोडले. पहिला घास घशातच अडकला. दुसरा रडत रडत उतरला. किसनराव तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. अंधारात पंख्याचा आवाज, आणि ताटात बोटं फिरल्याचा.

तिनं ताट पुसून खाल्लं. पाणी प्यायली.

पंखा थांबला.

मग तिनं वायर काढली.

"नानाजी, तुमी खरंच पाह्यलं?" इथं एखादं पोरगं विचारतंच. अंकुर नाहीतर निकिता.

"पाह्यलं ते सांगतलं," नानाजी म्हणतात. "सकाळी काय दिसलं तेही ऐका."

सकाळी बिजलीबाई चादर सोडायला गेली. जमिनीपासून नऊ फुटांवर, जिथं शिडीशिवाय कुणाचा हात जात नाही, तिथं पाच बोटांचा पिवळा ठसा होता. वरणाचा. मधल्या बोटाच्या टोकाशी भाताचं एक शीत चिकटलेलं. बिजलीबाईनं चादर तीनदा धुतली. शीत गेलं. ठसा आहे.

दिपालीनं अकरा संकष्ट्यांचं उद्यापन केलं, एकवीस मोदक केले, आणि देवापुढे दुसरं काही मागितलं नाही. संकष्टी ती अजून करते. चंद्र दिसला की ताट वाढून जेवून घेते, आणि मग सासऱ्यांना नाहीतर भावाला, जो कुणी त्या रात्री रस्त्यावर असेल त्याला, फोन लावते.

तुमच्याकडेही संकष्टी असेल. तुमचंही कुणी त्या रात्री बाहेर असेल. तेवढं दिपालीसारखं करा. चंद्र दिसला की आधी जेवून घ्या, मग फोन करा, आणि म्हणा : मी जेवले, तुम्ही सावकाश या.