ओढ्यापलीकडे गेलेली वायर

"थांबा! पप्पूदादा, कापू नका!"

शेफाली ओरडतच स्वयंपाकघरात शिरली, पण उशीर झाला होता. पप्पू वायरमनच्या पकडीचा कटकन आवाज झाला आणि छतातून खाली आलेल्या बारीक वायरची दोन टोकं भिंतीवर लोंबायला लागली.

"एवढी घाबरतीस कशाला?" पप्पू स्टुलावरूनच हसला. "जुन्या मालकानं कायतरी लावून ठिवलंय. गुरुजी म्हणले, बटण दाबलं तर बल्ब न्हाई, पंखा न्हाई, बेल न्हाई. नुसता कचरा!"

"पण ती कुठं जाते ते तरी आधी बघायचं!"

"कुठं का जाईना," दारातून बाबा म्हणाले. "आपल्या घरात तिचं काही काम नाही. भाऊबीज आहे आज, जा, मजा करा."

बाबा भोरला शाळेत शिक्षक होते. वेल्हे तालुक्यातल्या पासली गावातलं हे कौलारू घर त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. आधीचे मालक आनंदराव श्रावणात वारले आणि पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं, हनुमंतनं, घर विकून टाकलं. दिवाळीची सुट्टी नव्या घरात काढायची म्हणून सगळे आले होते. शेफालीच्या वर्गातला प्रशिकही आईवडिलांची परवानगी काढून सोबत आला होता.

चुलीशेजारचं ते गोल बटण शेफालीला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तेव्हापासून त्या दोघांचा खेळच झाला होता. सकाळी उठल्या उठल्या ती बटण दाबायची आणि प्रशिक घरभर धावत काय सुरू झालं ते शोधायचा. रात्री जेवणं झाली की पुन्हा तेच.

"गोठ्यात काही नाही!" तो ओरडायचा. "माळ्यावर बेलच्या ट्रान्सफॉर्मरसारखी एक डबी आहे, ती गुणगुणते! पण बेल कुठंच नाही!"

आज मात्र भाऊबीजेच्या गडबडीत ती बटण दाबायच्या आतच पप्पूची पकड चालली होती.

"वायर कापली म्हणून तिचा रस्ता थोडाच पुसला जातो?" प्रशिक म्हणाला. "चल, मागोवा घेऊ!"

दोघं मागच्या दारानं बाहेर पडली. वायर वळचणीतून निघून फणसाच्या झाडावर गेली होती, तिथून पुढच्या ऐनावर, तिथून आणखी पुढं. झाडाच्या सालीला घासून ती झिजू नये म्हणून प्रत्येक फांदीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा नीट गुंडाळला होता.

"कचरा म्हणे!" शेफाली फणकारली. "कचऱ्याला इतकं जपतं का कुणी?"

शेजारच्या सोनबांची नात शिवानी खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचत होती. ती यांच्याच वयाची. "काय रं, माना वर करून कुठं निघालाय?" म्हणत तीही मागं आली. पण वायर खाचरांच्या कडेनं ओढ्याकडं वळली तशी ती एकदम थबकली.

"तिकडं नगा जाऊ."

"का? वाघ आहे?" प्रशिकनं विचारलं.

शिवानी हसली नाही. "तिकडं धोंडाबाई अक्का ऱ्हातात. एकट्याच. आजोबांनी सांगितलंय, नवीन माणसाला तिकडं जाऊ द्यायचं न्हाई. कोण कायतरी बोलून बसंल."

"काय बोलून बसेल?"

तेवढ्यात ओढ्याकडून कुणाची तरी हाक आली. बारीक, चिरकी, दमलेली.

तिघंही धावत सुटली.

ओढ्यातल्या दगडांवर एक म्हातारी बसली होती. एक पाय पाण्यात, दुसरा मुडपलेला, नवं हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. शेजारी ताट उपडं पडलं होतं. करंज्या पाण्यात विरघळत होत्या आणि कुंकवाची लाल रेघ दगडाला वळसा घालून वाहत चालली होती.

"अक्का!" शिवानी किंचाळली.

"त्यांना ऐकू येत न्हाई," मग ती धापा टाकत म्हणाली. "अजिबात न्हाई."

तिघांनी मिळून अक्कांना काठावर आणलं. घोटा टम्म सुजला होता. "शिवानी, तू पळ! आजोबांना आण!" शेफाली म्हणाली. "प्रशिक, तू बाबांना!" दोघं दोन वाटांनी पळाली. शेफालीनं आपल्या ओढणीनं अक्कांचे हात पुसले.

अक्का तिच्याकडं निरखून बघत होत्या. बहिरी माणसं बोलतात तशा त्या मोठमोठ्यानं बोलायला लागल्या.

"आनंदाकडं पावणी आलीस व्हय गं? त्याला सांग, अक्का वाटंला लागलीया. सकाळधरनं ववाळायचं ताट करून बसले हुते. दर साली येतो, न्हाई आला. म्हणलं, दवाखान्यातनं नुकताच आलाय, दमला आसंल."

शेफालीला काही समजेना. ती नुसती मान हलवत राहिली.

"मला ऐकू येईना झालं तवा त्यानंच त्यो बल्ब लावून दिला. सकाळी उठला की आपल्या घरातनं बटण दाबायचा, माझ्या चुलीवर बल्ब लागायचा. रात्री जेवला की परत. म्हंजी मला कळायचं, भाऊ बरा हाय. पुण्याला नेला तवापास्नं बल्ब इझलेला. आन परवा, पोरी, परवा लागला! किती येळा लागला! लहानपणी आसाच खोड्या करायचा त्यो."

परवा. किती वेळा! प्रशिक घरभर धावत होता आणि ती हसत हसत बटण दाबत होती.

"आन आज लागलाच न्हाई," अक्कांचा आवाज कापरा झाला. "म्हणलं, परत बिघडलं वाटतं त्याचं. मग बसवंना. म्हणलं आपणच जावं."

खाचरातून माणसं धावत येताना दिसली. पुढं सोनबा, मागं बाबा, आई आणि पप्पू. सोनबांनी अक्कांचा पाय पाहिला, मग हातवारे करून त्यांना समजावलं. लांब डोंगराकडं बोट, कपाळावर हात, मग तळहात हळूहळू वर. आनंदा पुण्याला आहे, बरा होतोय.

बाबांनी शिवानीकडं पाहिलं. शिवानी रडत होती. "सगळ्या गावानं आसंच सांगितलंय," ती म्हणाली. "हनुमंतकाका म्हणले, आत्याला धक्का सोसायचा न्हाई. म्हणून कुणीच बोललं न्हाई."

अक्कांनी सोनबांचा हात झटकला. "पुण्याला हाय, तर मग बल्ब कुणी लावला?"

पप्पूनं खिशातली पकड आणखी आत दडवली. सोनबांनी पुन्हा डोंगराकडं बोट केलं. पुन्हा तेच. शेफालीला वाटलं, हे असंच चालू राहील. अक्का पुढच्या भाऊबीजेलाही ताट करून बसतील.

ती अक्कांच्या समोर मांडी घालून बसली. हवेतच अंगठ्यानं बटण दाबून दाखवलं. मग तो अंगठा स्वतःच्या छातीवर टेकवला.

मी दाबलं.

"तू?" अक्का पुटपुटल्या. त्यांनी शेफालीच्या अंगठ्याकडं पाहिलं, तिच्या तोंडाकडं पाहिलं. "तू त्याच्या घरात ऱ्हातीस?"

शेफालीनं होकारार्थी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

"आन आनंदा?"

शेफालीला या प्रश्नाची खूण माहीत नव्हती. ती नुसती नाही नाही अशी मान हलवत राहिली आणि तिनं अक्कांचे दोन्ही हात घट्ट धरले.

अक्कांनी सावकाश सोनबांकडं पाहिलं. "कवा?"

सोनबांनी हात टेकले. एका हाताची बोटं पावसासारखी खाली आणत, डोळे मिटून, त्यांनी सांगितलं. श्रावणात.

"सगळ्यास्नी ठावं हुतं," अक्का म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "आन म्या दिवाळीत नवं लुगडं नेसलं."

बाबा म्हणाले, "यांना आधी वेल्ह्याला दवाखान्यात न्यायला हवं." पप्पू लगेच टेम्पो आणायला धावला. पण अक्का उठायला तयार होईनात.

"मला आधी आंघुळीला पाणी द्या," त्या म्हणाल्या. "भाऊ गेला माझा. कळल्यावर आंघूळ करत्यात. उशिरा कळलं म्हणून सोडत न्हाईत."

दोघातिघांनी उचलून त्यांना आणलं ते आनंदरावांच्याच घरी. आईनं चूल पेटवून पाणी तापवलं. परसात दगडावर बसवून, दुखरा पाय जपत, तिनं अक्कांच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला, आणि तेव्हा अक्कांनी हंबरडा फोडला. त्यांना स्वतःला ऐकू न येणारं ते रडणं सगळ्या आळीला ऐकू गेलं. खळ्यांवरची माणसं काम टाकून उभी राहिली.

टेम्पो आला तेव्हा सोनबा शेफाली आणि प्रशिकसमोर उभे राहिले. "आमी येवढी जाणती माणसं," ते म्हणाले, "म्हातारीला जपतो म्हणून तिचं दुःखच चोरून बसलो हुतो. तुमी पोरांनी तिचं तिला दिलं. लई मोठं काम केलं."

पप्पू खाली मान घालून म्हणाला, "मी आधी बघायला पायजे हुतं."

"मीही," बाबा म्हणाले. त्यांनी शेफालीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, बेटा."

एरवी या शाबासकीनं ती उड्या मारत सुटली असती. आज तिच्यानं नीट हसवलंही नाही. ती टेम्पोत चढली आणि अक्कांच्या शेजारी बसली. प्रशिक आणि शिवानीनं दुखरा पाय मांडीवर घेतला.

गाडी घाटाच्या वळणांना लागली. अक्कांनी ओल्या केसांचं डोकं शेफालीच्या खांद्यावर टेकलं आणि त्या बोलायला लागल्या. आनंदा तान्हा असताना त्याला झोळीत घालून त्या रानात कशा न्यायच्या, तो पहिल्यांदा त्यांच्या सासरी आला तेव्हा वाटेत शेळीच्या मागं लागून कसा चुकला, लग्नात मुंडावळ्या बांधू देईना म्हणून त्यांनी त्याला कसा चापटला. मोठमोठ्यानं, इंजिनाच्या आवाजाच्या वर, मधेच हसत, मधेच पदरानं डोळे पुसत.

वेल्ह्यापर्यंत कुणीही त्यांना थांबवलं नाही.