बरोबरीतली दोन उत्तरं

उपाहारगृहात एकच टेबल रिकामं होतं आणि आम्ही दोघं एकाच वेळी त्याच्यापाशी पोचलो. माझ्या हातात चहा, त्याच्या हातात सूपचा वाडगा. बाहेर पाऊस असा लागून राहिला होता की दवाखान्यातली सगळी माणसं आतच दाटली होती.

"बसा ना," तो म्हणाला.

"नको, तुम्ही बसा."

"अहो, खुर्च्या दोन आहेत. कोणी कुठे बसायचं तेवढंच ठरवू या."

"गोल टेबल आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "गोल टेबलाभोवती दोन माणसं एकाच प्रकारे बसू शकतात. कसंही बसलं तरी तेच."

तो क्षणभर बघत राहिला. मग डोळे बारीक करून हसला. "मग एवढा वेळ उभं राहून आपण विचार कसला करतोय?"

बसलो. त्याचे केस ओले होते, पण पावसाने नव्हे. त्यांना पोहण्याच्या तलावातल्या पाण्याचा वास होता, तो औषधी, नाकात जाणारा. लहान मुलांना पोहायला शिकवायचा तो. सगळे त्याला मास्तर म्हणत. मी काय करते, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "वरच्या मजल्यावर प्रोग्रॅम लिहिते. मोजायचे."

"काय मोजायचे?"

"एखादी गोष्ट किती प्रकारे होऊ शकते... ते."

"मोजणीबाई!" तो म्हणाला, आणि ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

त्याची धाकटी बहीण डायलिसिसवर होती. तिला तो एक दिवसाआड घेऊन यायचा, आणि ती आत मशीनला लावलेली असे तेव्हा खाली येऊन बसायचा. मीही तेव्हाच खाली उतरू लागले. आधी चहाला, मग चहाच्या नावाखाली.

एकदा त्याने हट्टच धरला. "नीट सांगा, नक्की काय मोजता. मी मठ्ठ आहे असं समजून सांगा."

"समजायचं कशाला?" मी म्हणाले. तो खळखळून हसला.

मग मी टेबलावर साखरेच्या पुड्या मांडल्या. "हा एक रोगी. ही त्याची बायको, किडनी द्यायला तयार आहे. पण तिची त्याला चालत नाही. इकडे दुसरी जोडी, तिचंही तसंच. पण या बायकोची किडनी त्या रोग्याला चालते, आणि त्यांची याला. मग काय करायचं?"

"अदलाबदल."

"शाबास. कधी दोन जोड्यांची, कधी तिघांची फिरती. पण जोड्या वाढल्या की प्रकार इतके वाढतात की एकेक तपासत बसलं तर यंत्रही म्हातारं होईल. म्हणून मी त्याला शिकवलंय... पुढे काही हाती लागणार नाही असं दिसलं की त्या वाटेने जायचंच नाही, मागे फिरायचं. सगळ्यांत जास्त माणसं वाचतील अशी मांडणी शोधायची."

तो पुड्यांकडे बघत होता. हसू कुठेतरी मावळलं होतं.

"माझीही तिला चालली नाही," तो हळूच म्हणाला. "आमची जोडी आहे तुमच्या त्या यंत्रात."

मला फक्त क्रमांक दिसायचे. नावं कधीच नाही. माझा चहा तसाच राहिला. मी उठले आणि तडक विभागप्रमुख मॅडमकडे गेले, त्या प्रत्यारोपण विभागाच्या मोठ्या डॉक्टर. सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला. "आवडतो का तो तुला?"

मी ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळू लागले.

"बरं. यापुढे अखेरची मोजणी मी चालवीन. नियम समितीने ठरवलेत, ते बदलत नाहीत. तू प्रोग्रॅम नीट ठेव. आणि... चहा प्यायला माझी हरकत नाही."

त्यानंतर त्याने मला बहिणीकडे नेलं. तिला घरात टिटवी म्हणत, आणि का म्हणत ते पहिल्याच मिनिटाला कळलं. हाताला नळ्या लावलेल्या, चेहरा सुजलेला, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही.

"हीच का ती मोजणीबाई? दादा, छान आहे की!"

"मी कुठे काही म्हणालो होतो?"

"तेच ना! एरवी तू मुलांच्या नाकात पाणी गेलेलंसुद्धा सांगतोस. हिच्याबद्दल चकार शब्द नाही, तेव्हाच मी ओळखलं." मग माझ्याकडे वळून, "ए, याला घेऊन टाक ना. घोरतो, पण मनाने बरा आहे."

मास्तरचे कान लाल झाले. माझे काय झाले असतील, मला दिसले नाहीत.

एका रविवारी दुपारी तलावावर मुलं नव्हती. मला पाण्याची भीती वाटते असं मी कधीतरी बोलून गेले होते, तेवढं त्याने धरून ठेवलं होतं. मला पाण्यात उताणं झोपवून त्याने पाठीखाली तळहात धरला. छतावर उजेडाच्या लाटा हलत होत्या. कानांत पाणी... आणि पाण्यातून त्याचा दूरचा आवाज.

"मोजू नकोस."

"मी मोजत नाहीये."

"ओठ हलतायत तुझे."

मला 'तू' म्हणाला होता तो. पहिल्यांदाच. मी ओठ मिटले. थोड्या वेळाने लक्षात आलं की पाठीखाली हात नाहीच. मी तरंगत होते आणि तो माझ्या शेजारी नुसता उभा होता, हसत.

मोजणीच्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. "यंत्र दोन उत्तरं देतंय. असं का, तेवढं सांग."

पडद्यावर दोन मांडण्या होत्या. दोन्हींत तितकीच माणसं वाचत होती, एकाचाही फरक नव्हता. मी जुळवणी तपासू लागले आणि मधेच माझा हात थांबला. रक्तगट, वय, देणारा भाऊ... टिटवी दुसऱ्या मांडणीत होती. पहिलीत तिच्या जागी कोणी वेगळंच होतं, फार आधीपासून वाट बघणारं.

बरोबरी झाली तर जास्त थांबलेल्याला आधी, असा नियम होता. योग्यच होता. कुठलं उत्तर पहिलं मांडायचं ते ठरवणाऱ्या त्याच्या दोन ओळी प्रोग्रॅममध्ये होत्या. खालची वर नेली असती तर नियमच फिरला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. मॅडम खिडकीशी फोनवर बोलत होत्या. पाठमोऱ्या.

ते दुसरं माणूस कोण, मला माहीत नव्हतं. पण त्याच्याही शेजारी कुणीतरी बसत असेलच ना, रोज... सूप पीत?

"चूक नाहीये, मॅडम," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "खरोखरच बरोबरी आहे. नियमाने पहिलं उत्तर घ्यायचं."

टिटवी दुसऱ्यात होती.

या फेरीत नंबर लागला नाही, असं बहीणभावाला रीतसर कळवलं गेलं. संध्याकाळी मास्तर दवाखान्याच्या फाटकाशी माझी वाट बघत होता. छत्री होती, उघडली नव्हती.

"एकच विचारतो. दुसरं उत्तर होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. किती सोपं होतं.

"होतं."

"तितकंच चांगलं?"

"तितकंच."

पाणी त्याच्या भुवयांवरून ओघळत होतं. शेवटी त्याने छत्री उघडली, माझ्या डोक्यावर धरली आणि मला बसथांब्यापर्यंत सोडलं.

बरोबरीचं टिटवीला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी बरोबरीत हरले? मग हरले कुठे!" आणि माझ्या गालाला चिमटा काढून, "रडू नकोस गं. पुढच्या फेरीत बघ, पहिली येते."

पुढची फेरी पावसाळा सरल्यावर होती. त्याआधीच तिला ताप भरला. नळी बसवलेल्या जागेतून जंतू रक्तात गेले. मला आत जायची परवानगी नव्हती. काचेतून मला तिचा हात तेवढा दिसायचा, आणि त्यावर ठेवलेला मास्तरचा. एका सकाळी मी जिन्याने चढत होते आणि तो उतरत होता. हातात तिच्या चपला होत्या. काही विचारावं लागलं नाही. मी जिन्यातच बसले. तोही बसला, माझ्या एक पायरी खाली, आणि कपाळ माझ्या गुडघ्याला टेकवून लहान मुलासारखा रडला. माणसं आमच्या कडेने चढत-उतरत राहिली.

मग बरेच दिवस तो दिसला नाही. आला तो थेट माझ्या खोलीत, तेही पहिल्यांदाच. दारातच उभा राहिला.

"आमची जोडी अजून आहे का यंत्रात?"

"काढली." मी पडद्यावरची यादी बंद केली. "काढावी लागते."

"मला परत घाल. एकट्याला."

"एकट्याला? पण तुला आता..."

"मला कुणाकडून काही नको. मी नुसता देणार. तसं चालतं का?"

चालतं. ज्याला बदल्यात काही नको असतं तो एकटा साखळी सुरू करू शकतो. त्याची किडनी एकाला, त्या एकाच्या बायकोची दुसऱ्याला, दुसऱ्याच्या भावाची तिसऱ्याला... मी त्याला समजावून सांगितलं, धोकेही सांगितले. मॅडमनी त्याला पुन्हा पुन्हा बोलावून विचारलं, दुःखाच्या भरात तर नाही ना. तो प्रत्येक वेळी तेच सांगे, "दुःखात आहेच. पण भरात नाही."

मॅडमनी मोजणी चालवली. कुठल्याच अदलाबदलीत न बसलेली चार माणसं त्याच्यामुळे साखळीत बसली. त्या चौघांसाठी तिथे दुसरं उत्तर नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर मी रोज त्याच्याजवळ बसायची. पेरू कापून द्यायची, पेपर वाचून दाखवायची. तो माझा हात हातात घेऊन पडून राहायचा. वाटायचं, होईल सगळं नीट. वेळ लागेल, पण होईल.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "मला समुद्राकाठच्या एका पोहण्याच्या शाळेत काम मिळालंय. आईलाही नेतोय."

मी पेपरची घडी घालत होते. ती घालतच राहिले.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "हे तुला माहीत आहे, तरी सांगतो. त्या दिवशी तू खोटं बोलली असतीस तर कदाचित राहिलं नसतं. पण तू खरं बोललीस, आणि आता तुझ्याकडे बघितलं की मला ते दुसरं उत्तर दिसतं... त्यात ती हसत असते."

"मला राग येत असता ना माझा, तर बरं झालं असतं," मी म्हणाले. "पण मी पुन्हा तसंच केलं असतं."

"माहितीये. म्हणून तर." त्याने माझी बोटं घट्ट धरली. "राग असता तर मी राहिलो असतो गं. राग जातो."

निघायच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. बसथांब्यावर त्याची आई माझ्या तोंडावरून हात फिरवून आधी वर चढली. तो पायरीवर थांबला. थांब म्हणायचं होतं. नेमकं तेवढंच एक म्हणायचं होतं.

"जखम पुरती भरल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस," मी म्हणाले.

टिटवी गेल्यानंतर तो पहिल्यांदा हसला. डोळे बारीक करून. "बरं, मोजणीबाई."

बस सुटली, वळणावर गेली, दिसेनाशी झाली. मी तिथेच उभी होते. किती वेळ, ठाऊक नाही. मागून कुणीतरी खांद्याला हलकेच हात लावला. हातात पिशवी घेतलेल्या एक बाई होत्या.

"ताई, तुम्ही रांगेत आहात का?"

"नाही," मी म्हणाले, आणि त्यांना वाट देऊन बाजूला झाले.