सबंध आळीची सोडत

चक्रीवादळाने खारवली गाव गिळले, तेव्हा टेकडीवर नवी वसाहत उभी राहिली. पक्की घरे, शुद्ध पाणी, छपरांवर सौरपट्ट्या. उणे असे काहीच नव्हते. तरी माणसे कोमेजलेली का, हे कोडे शलाकाला सुटेना. तिला राहून राहून जुनी आळी आठवे. दूध तापले, की आई तिला गोदाकाकूंकडे विरजण आणायला पिटाळी. चमचाभर विरजणासोबत साऱ्या आळीची खबर घरी येई.

गोदाकाकू अजून वादळग्रस्तांच्या छावणीतच होत्या. उरलेल्या कुटुंबांना घरे देण्याचे काम यंत्रमानव समदर्शी उद्या करणार होता.

“काकूंना आमच्या शेजारी दे ना,” शलाका म्हणाली.

“वशिला चालणार नाही, शलाकाताई. प्रत्येक घराची स्वतंत्र सोडत. दही हवे असल्यास डबा आणून देतो.”

“आईला ताप आला, तर तुझा डबा तिच्या उशाशी बसेल का रे?”

तिचे संशोधक आजोबा, त्र्यंबकराव, हसले. “समदर्शी, अडीअडचणीला कोणाचे दार ठोठावाल, एवढेच इथे आणि छावणीत विचारून ये. उत्तरांचे चित्र काढ.”

संध्याकाळी समदर्शीने हवेत प्रकाशचित्र उमटवले. प्रत्येक घर एक ठिपका, प्रत्येक उत्तर एक रेघ. जुन्या गावाच्या नकाशावर रेघा आखूड आणि दाट होत्या. नव्या नकाशावर त्याच रेघा टेकडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणल्या गेल्या.

“हे सामाजिक जाळे (माणसांमधील ओळख, विश्वास आणि देवाणघेवाण यांची गुंफण),” आजोबा म्हणाले. “जवळचे धागे धीर देतात, दुखण्याखुपण्यात धावून येतात. परक्या माणसांशी जुळलेले दूरचे धागे नवे काम, नवी माहिती आणतात. सावरायला दोन्ही लागतात. तू घरे मोजलीस, धागे नाहीत.”

“पण निवड केली, तर अन्याय होईल!” समदर्शी हटेना.

“मग सोडतच काढ,” शलाका उसळून म्हणाली, “पण घराची नको, सबंध आळीची!”

“तुम्हाला हे घर सोडावे लागेल. घरांची वाईट रांगही वाट्याला येऊ शकेल.”

“येऊ दे!”

समदर्शीने जुन्या नकाशावरच्या प्रत्येक आळीभोवती एक वर्तुळ काढले. “युक्तिवाद निर्दोष आहे.” मग सगळ्यांची संमती घेऊन त्याने नवी सोडत काढली.

त्यांच्या आळीला सर्वांत उंचावरची रांग मिळाली. “मेला काय हा चढ!” गोदाकाकू धापा टाकत आल्या आणि शलाकाच्या आईला पाहून तिथेच पायरीवर बसल्या. दोघी आधी रडल्या, मग चढावरून समदर्शीला बोल लावत हसल्या.

पलीकडे दुसऱ्या बुडालेल्या गावातली एक मुलगी दाराआडून पाहत होती.

“ती कोणाची गं?” काकूंनी विचारले.

“अजून माहीत नाही,” म्हणत शलाका तिला बोलवायला निघाली.